वरची ओळ

"निकाल आला की वरून खाली वाचा. पहिली ओळ तुमच्यासाठी आहे, शेवटची आमच्यासाठी. आणि एकीचा निकाल दुसरीच्या निकालाशेजारी ठेवून बघत बसू नका."

डॉ. उर्मिला कित्तूर सोसायटीच्या हॉलमध्ये हे सांगत होत्या तेव्हा सानिका खोत मागच्या रांगेत बसून लेकीच्या, रेवाच्या, तोंडातून खुर्चीच्या पायाचं रबर काढत होती. ऐकलं तिनं, पण ऐकून सोडून दिलं. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या बाईला निकाल कुठल्या टोकाकडून वाचायचा हे शिकवायची गरज नसते, असं तिचं मत. बाकीच्या बायकांसाठी ठीक होतं ते. त्या बाकीच्यांत दुसऱ्या रांगेत धनश्री मगदूम बसली होती, आखूड कापलेले केस, यंत्रमागांच्या शेडमधल्या निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, शेजारणीच्या कुठल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसत. तिच्याकडे पाहता पाहता डॉक्टरांचं पुढचं बोलणं सानिकाच्या हातून निसटलं.

इचलकरंजीत त्या पेट्या तेव्हा नव्याने आल्या होत्या. भाजीच्या क्रेटएवढी पांढरी पेटी, प्रत्येक सोसायटीला एक. बाईनं घरच्या घरी, मऊ ब्रशनं, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या पेशींचा नमुना स्वतःच घ्यायचा, नळीत घालायचा, नळी पेटीत सरकवायची. पूर्वी या तपासणीसाठी दवाखान्यात जाऊन टेबलावर झोपावं लागे, म्हणून निम्म्या बायका टाळत. आता टाळायला निमित्त उरलं नव्हतं. सानिकाच्या वयाच्या मुली शाळेत असताना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस सगळीकडे पोचली नव्हती. ती मिळाली त्यांच्या मागून आलेल्यांना. मधल्या या पिढीसाठी पेटी.

पेटी तीन कामं करी. एक भिंग हजारो पेशी बघे आणि त्यांची केंद्रकं नेहमीसारखी आहेत की फुगलेली, वेडीवाकडी, हे ठरवी. दुसरा भाग त्या रोगाला कारण होणारा विषाणू आहे का ते शोधी. तिसरा भाग नवा होता. विषाणू स्वतःच्या नकला काढत राहतो, नकलेत एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत घराण्याच्या खुणेसारखी उतरते. त्या खुणा वाचून पेटी विषाणूचं घराणं सांगे आणि सोबत एक कालावधीही देई. लस कुठे किती चालतेय हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांना ते हवं होतं. पण फोनवरच्या निकालाचं मराठी करताना कुणीतरी घराण्याला 'कुळ' म्हटलं, कालावधीला 'वय' म्हटलं, आणि मग व्हायचं तेच झालं. जिन्यात, भाजीच्या गाड्यापाशी बायका एकमेकींना हसत विचारू लागल्या, "काय गं, तुझं कुळ कुठलं?" वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू तर म्हणाल्या, आता पत्रिकेच्या आधी कुळ मागायला लागतील सोयरे.

सानिकाचा निकाल दुपारी आला. रेवा झोपली होती.

पेशी: बदल नाही. विषाणू: आढळला. कुळ ग-सात, वय सुमारे एक वर्ष.

तिनं खालची ओळ आधी वाचली. मग परत वाचली. वरच्या ओळीवर तिची नजर गेली, पण टेकली नाही. हा विषाणू कसा पसरतो हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. तिच्या आयुष्यात पुरुष एकच होता, आणि त्याच्याशी लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. मग वर्षभरापूर्वी हा विषाणू घरात आला कुठून?

वर्षभरापूर्वी तिचा नवरा अभिराज सुरतेला गेला होता. नवे माग शिकायला. शेडमधून दोघांना पाठवलं होतं. दुसरी धनश्री.

सानिका पलंगाच्या कडेला बसून राहिली. तिला आश्चर्य वाटलं नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. जणू इतके दिवस ती या निकालाचीच वाट पाहत होती.

धनश्री आणि अभिराज डिप्लोमाला एका वर्गात होते. नवऱ्यापासून वेगळी होऊन धनश्री आईसोबत समोरच्या इमारतीत राहायला आली, आणि अभिराजच्याच शेडमध्ये सुपरवायझर झाली. ती त्याला 'अभ्या' म्हणायची, तो तिला 'धने'. सानिका 'अभी' म्हणायची आणि ते तिला आता उगाच सासरच्या लग्नपत्रिकेवरच्या नावासारखं कोरडं वाटायचं. धनश्रीच्या शर्टावर दुधाचे डाग नसत. तिची भाकरी बिघडे आणि ती स्वतःच त्यावर हसे. रेवा, जी अनोळखी माणसाच्या वाऱ्याला उभी राहत नसे, ती धनश्री दिसली की दोन्ही हात पसरे.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दोघांची भाषा. शेडमध्ये मागांचा आवाज एवढा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. जुने माग गेले, हवेवर चालणारे आले. आवाजाची जात बदलली, मात्रा नाही. तिथं माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. गावात ते नवल नाही, पण सानिका होती मिरजेची, तिच्या माहेरी कुणी मागावर नव्हतं. संध्याकाळी अभिराज गॅलरीत उभा राही, धनश्री समोरच्या गॅलरीत, मध्ये अख्खं अंगण, आणि दोघं एक शब्द न उच्चारता गप्पा मारत. बोटं हलत, भुवया उडत, मध्येच दोघं एकदम हसत. सानिका आतून पडद्याआडून बघे. तिला ते चोरून ऐकताही येत नसे.

निकाल आला त्या संध्याकाळीही ती पाहत होती. धनश्रीनं दोन तर्जन्यांची टोकं जुळवली आणि फट्दिशी दूर ओढली. मग कपाळाला हात लावला. मग सानिकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं. अभिराजनं मान हलवली, छातीवर हात ठेवला, पुन्हा खिडकीकडे बोट. धनश्रीनं हात जोडले.

तोडायचं म्हणतेय ती, सानिकाला वाटलं. दोन जोडलेली बोटं, ओढून वेगळी केलेली. आणि तोडायचं ते काय, हे त्या खिडकीकडे केलेल्या बोटानं सांगितलं होतं. त्यानं छातीवर हात ठेवून काय कबूल केलं असेल, याची नुसती कल्पना करत ती रात्रीचा भात करपवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्री स्वतःच आली. हातात फोन, शेडला जायच्या गडबडीत.

"वहिनी, जरा बघ की हे. मला काय कळंना. तुझा विषय ना हा?"

सानिकानं फोन घेतला. पहिल्या ओळीत काहीतरी होतं, दुसरीत काहीतरी होतं, आणि तिसरीत: कुळ ग-सात.

तेच कुळ.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती तिला फार लांबून ऐकू आल्यासारखी वाटली. धनश्री दारातच उभी होती, एक चप्पल घातलेली, एक काढलेली, आणि रेवा तिच्या पायाला मिठी मारून होती.

"काय म्हणतंय? वाईट आहे काय काही?"

सानिकानं फोन परत केला.

"मला काय विचारतेस? कुठून आलं ते तुलाच माहीत असणार. रेवा, इकडे ये."

धनश्रीच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. ती अजून हसण्याच्या तयारीत होती, चेष्टा आहे असं धरून. मग हळूहळू तिला समजलं, किंवा काहीतरी समजलं. तिनं रेवाचे हात आपल्या पायावरून सोडवले, खाली ठेवलेली चप्पल पायात घातली.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

सानिकाला त्या क्षणी बरं वाटलं. अगदी उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

अभिराजशी भांडण त्याच दिवशी झालं. सगळं इथं सांगण्यात अर्थ नाही. अशी भांडणं सगळ्या घरांत एकाच आवाजात होतात. तो म्हणाला, सुरतेला ती बायकांच्या वसतिगृहात होती आणि आपण स्टेशनजवळ एका खोलीत सहा जण. ती म्हणाली, सहा जणांची नावं सांग. त्यानं सांगितली, तर म्हणाली, पाठ करून ठेवलीस की. शेवटी तो म्हणाला, "काय बोलालीस तू? माझी तपासणी होत असती तर आत्ता जाऊन दिली असती." पण पुरुषांसाठी पेटी नव्हती. त्याला स्वतःचा निर्दोषपणा दाखवायला कुठली नळी मिळत नव्हती, आणि सानिकाला ते फार सोयीचं वाटलं.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण मत्सराला साक्षीदार लागतो. तिनं पाटीलकाकूंना सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. खालच्या मजल्यावरच्या रोहिणीला सांगितलं, तीच अट घालून. नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाली की समोरच्या इमारतीतही ग-सात आहे. समोरच्या इमारतीत तपासणीच्या वयाच्या बायका किती आणि त्यात एकट्या किती, हे सगळ्यांना माहीत होतं. आठवडा सरायच्या आत भाजीच्या गाड्यापाशी धनश्री आली की बायका कोथिंबीर निवडायला लागत. कुणीतरी तिच्या आईला जिन्यात विचारलं, "काय हो माई, लेकीचं कुळ कुठलं निघालं?" समोरची गॅलरी संध्याकाळी रिकामी दिसू लागली. मग गॅलरीतली तुळशीची कुंडी दिसेनाशी झाली. मग दाराला कुलूप.

सानिकानं ते कुलूप पाहिलं आणि रेवाला वरणभात भरवत राहिली.

ती डॉ. कित्तूर यांच्याकडे गेली स्वतःच्या निकालाचं विचारायला. निदान घरातून निघताना तसं म्हणून निघाली. खरं तर तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. शास्त्राच्या बाजूनं कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं.

डॉक्टरांनी निकाल पाहिला आणि त्या हसल्या. "उत्तम. पेशी ठीक आहेत. विषाणू आहे, पण तो बहुतेकींना कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकींचं शरीर त्याला आपणच हुसकून लावतं. वर्षानं पुन्हा नळी द्या."

"पण वय एक वर्ष आहे त्याचं," सानिका म्हणाली. "माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना हा प्रश्न नवा नव्हता, हे त्यांच्या चष्मा काढण्यावरूनच कळलं.

"ज्यानं तो शब्द ठेवला ना, त्याला एकदा माझ्यासमोर बसवायचंय. वय जन्मापासून मोजतात. हे विषाणू जागा झाल्यापासून मोजलेलं आहे. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, इतका गप्प की कुठल्या तपासणीत दिसत नाही. शरीर थकलं, जागरणं झाली, की कधी कधी डोकं वर काढतो. तुमची मुलगी केवढी?"

"दोन वर्षांची."

"झोपू देते रात्री?"

सानिकानं मान आडवी हलवली.

"कधी आला, कुणाकडून आला, हे पेटीला सांगता येत नाही. मलाही नाही. तुमच्याकडून नवऱ्याकडे गेला असेल, त्यांच्याकडून तुमच्याकडे आला असेल, लग्नाआधीच्या कुठल्या काळातला असेल. त्यावरून कुणाचं चारित्र्य निघत नाही."

"आणि कुळ?" तिचा आवाज बारीक झाला होता. "दोघींचं एकच कुळ असलं तर?"

"हा विषाणू फार सावकाश बदलतो हो. एकेका कुळात लाखो माणसं. या तालुक्यात विषाणू आढळलेल्यांपैकी निम्म्या जणींत ग-सात आहे. एस.टी. स्टँडवर दोन पाटील भेटले म्हणून ते सख्खे भाऊ होतात का?" मग त्यांनी विचारलं, "दुसरी कोण?"

सानिकानं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की एका ओळखीच्या बाईनं निकाल वाचायला दिला होता.

"तिची वरची ओळ काय होती?"

सानिकाला आधी आठवेना. तिनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला, आणि मग ते तिला दिसलं. सगळा वेळ ते तिथंच होतं, डोळ्यांनी घेतलेलं आणि मनानं बाजूला सारलेलं. पेशी: मोठा बदल. आणि त्यापुढे, छोट्या अक्षरांत, केंद्रावर लवकर या.

"मोठा बदल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आवाज न वाढवता सांगितलं. "तुमच्याकडे माग बघितलाय ना कुणी? ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. पेशीतही तशी सोय असते. काही चुकलं की ती थांबते, दुरुस्ती करते, नाहीच जमलं तर स्वतःला संपवते. हा विषाणू ती थांबायची सोयच काढून टाकतो. मग तुटलेल्या धाग्यानिशी माग चालत राहतो. मोठा बदल म्हणजे कॅन्सर नव्हे. खराब कापड निघायला सुरुवात झालीय, एवढंच. आत्ता आली तर जवळून तपासू, लागलं तर तेवढा तुकडा काढू. बहुतेकजणी त्याच संध्याकाळी घरी जातात. पण नाहीच आली, आणि वर्षं गेली, तर तो माग कुणी थांबवत नाही."

"तुम्ही फोन केला असेल ना तिला?"

"कुणाचा निकाल मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण काही जणी आमचे फोन उचलत नाहीत. का ते विचारलं की कळतं, निकालापेक्षा लोक काय म्हणतील याची भीती मोठी." त्यांनी सानिकाकडे नीट पाहिलं. "ती आली का, एवढं तुम्ही बघा."

घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. अभिराज रेवाला मांडीवर घेऊन केळं कुस्करत होता. गेले कित्येक दिवस ते दोघं एकमेकांशी फक्त रेवाबद्दल बोलत होते. तिनं त्याच्यासमोर दोन तर्जन्या जुळवल्या आणि ओढून वेगळ्या केल्या.

"याचा अर्थ काय?"

त्यानं जरा वेळ तिच्या बोटांकडे पाहिलं. "ताणा तुटला. म्हणजे काहीतरी बिघडलंय. शेडमध्ये कुणालाही विचार."

"त्या दिवशी ती गॅलरीतून तुला काय सांगत होती?"

"निकाल आलाय, काहीतरी बिघडलेलं दिसतंय, डोकं चालंना, वहिनीला विचारू का म्हणाली." केळ्याची बोटं त्यानं टॉवेलला पुसली. "मी म्हटलं, बिनधास्त विचार. माझी बायको आहे ती, तिला सगळं कळतं."

छातीवर ठेवलेला हात तो होता.

सानिका तिथंच दाराशी, पायपुसण्यावर बसली. रेवा उतरून तिच्याकडे आली आणि केळ्यानं बरबटलेली दोन बोटं जुळवून, ओढून वेगळी करून दाखवू लागली, खेळ समजून.

धनश्रीचा फोन बंद होता. घरमालकाला विचारलं, तो म्हणाला आईला घेऊन गेली, भिवंडीला की मालेगावला, सांगितलं नाही; हातात कला आहे, जिथं माग तिथं पोट. शेडमध्ये तिनं राजीनामा दिला होता, कारण न देता. पाटीलकाकूंकडे सानिका स्वतः गेली आणि सांगितलं की मी बोलले ते सगळं चूक होतं. काकू म्हणाल्या, असेल बाई, पण आता कुठं ती आहे ऐकायला.

तेव्हा तिनं अभिराजला म्हटलं, मला तुमची भाषा शिकव. सगळी नको. पुरेल एवढी.

त्यानं शिकवली. ताणा तुटला. माग थांबव. परत ये. 'परत ये'साठी उजव्या हाताचं मनगट दोनदा आतल्या बाजूला वळवायचं, आडवा धागा नेणारा धोटा परत येतो तसं. जुन्या मागातला धोटा आता कुठल्याच शेडमध्ये नव्हता, पण खूण उरली होती.

"ही खूण धनीनं काढलीय," तो सहज म्हणाला. "आम्ही सगळे वापरतो."

सानिकाच्या मनातला मत्सराचा जुना काटा पुन्हा हलला. असा हात तिला आयुष्यात वळवता आला नसता. तिची बोटं अडखळत होती, आणि धनश्रीचं मनगट कसं वळत असेल ते तिला न बघताही दिसत होतं. तिनं तो काटा हलू दिला आणि हात पुन्हा वळवला. पुन्हा. जमेपर्यंत.

मग तिनं अभिराजकडून व्हिडिओ काढून घेतला. बिनआवाजाचा, कारण तो शेडमध्ये बघायचा होता. निळ्या भिंतीसमोर एक बाई उभी आहे, शर्टावर दुधाचा डाग, दोन बोटं जुळवतेय, तोडतेय, तळहात पुढे करतेय, मनगट वळवतेय. तो तिनं भिवंडीच्या, मालेगावच्या, सोलापूरच्या, माग चालतात अशा प्रत्येक गावातल्या बायकांच्या गटांत टाकला. खाली लिहिलं:

'मी इचलकरंजीची सानिका. माझ्या मैत्रिणीनं तिचा निकाल माझ्या हातात दिला आणि मी चुकीची ओळ वाचली. तिचं नाव सांगत नाही, एकदा फार सांगून झालंय. तुमच्या शेडमध्ये आखूड केसांची, मान मागे टाकून हसणारी एक बाई नवी आली असेल. आता कदाचित हसत नसेल. तुम्ही जे कोणी हे वाचताय, तिच्याजवळ जा. कुळ विचारू नका. एवढंच विचारा की वरची ओळ वाचलीस का, दवाखान्यात जाऊन आलीस का. नसेल गेली तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. आणि ती बाई ती नसेल, दुसरीच कुणी असेल, तरीही विचारा.'